लोहाचे दोन सोबती

खानदेशात मृगाचा पाऊस पडला की मूग, उडीद, भुईमूग यांच्या पेरण्या सुरू होतात. पीक महिना-सव्वा महिन्याचे झाले म्हणजे एखादे रोप मातीसकट अलगद उपटावे आणि त्याची मुळे पाण्यात धुवावीत. मुळांना बारीक बारीक गाठी लागलेल्या दिसतात. काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. त्यांपैकी एखादी नखाने फोडली तर आतला गर गुलाबी निघतो, काही वेळा चांगला तांबडा. जाणता शेतकरी त्यावरून पिकाची प्रकृती सांगतो. गाठ आतून लाल असेल तर ती कामावर आहे. हिरवट किंवा करडी झाली असेल तर तिचे आयुष्य सरले. जळगावच्या डाळगिरण्यांत जी कडधान्ये येऊन पडतात, त्यांतील प्रथिनांचा नायट्रोजन पुष्कळ अंशी अशा गाठींतच हवेतून बांधला गेलेला असतो.

हा तांबडा रंग कोठून येतो? बोटाला सुई टोचली असता जो थेंब निघतो त्याच्या रंगाशी या रंगाचे सख्खे नाते आहे, असे सांगितले तर ते प्रथम खरे वाटणार नाही. वनस्पतीला रक्त कोठले! परंतु १९३९ साली कुबो या जपानी शास्त्रज्ञाने गाठींतले रंगद्रव्य प्रकाशाच्या कसोटीस लावले आणि ते रक्तातील हिमोग्लोबिनाच्या जातीचेच आहे असे दाखविले. १९४५ साली केंब्रिज येथे कीलिन व वांग यांनी त्याला दुजोरा दिला. आज त्या द्रव्यास लेगहिमोग्लोबिन, म्हणजे शेंगवर्गीय वनस्पतींचे हिमोग्लोबिन, असे म्हणतात. हा शोध लागला तेव्हा या रेणूची अंतर्रचना कोणासच ठाऊक नव्हती. साक्ष होती ती केवळ रंगाची. मात्र डोळ्यांना सहज दिसतो त्या रंगाची नव्हे, तर लोलकातून पदर पदर उलगडून पाहिलेल्या रंगाची.

रक्तातील हिमोग्लोबिन, स्नायूंतील मायोग्लोबिन, मुळांच्या गाठींतील लेगहिमोग्लोबिन आणि पेशींच्या श्वसनात भाग घेणारी सायटोक्रोम ही सारी प्रथिने एका घराण्यातली. प्रत्येकाच्या पोटात हीम नावाचा एक चपटा, चकतीसारखा घटक असतो आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. देवघरातला चौरंग डोळ्यांपुढे आणावा. चौरंगाच्या चार कोपऱ्यांशी नायट्रोजनाचे चार अणू आहेत, मधोमध लोह बसले आहे, आणि चौघांनी त्याला धरून ठेवले आहे. आता या लोहाला एकंदर सहा हात आहेत अशी कल्पना करावी. चार हात चौरंगात गुंतले. एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला उरला. लोहाचे हात जे कोणी धरते त्याला रसायनशास्त्रात लिगंड म्हणतात. वरच्या आणि खालच्या हातांच्या या धनींना येथे लोहाचे सोबती म्हटले तरी चालेल.

चौरंग आणि लोह बहुतेक सर्वत्र तेच. फरक पडतो तो या दोन सोबत्यांनी. हिमोग्लोबिनात खालचा हात हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाने धरलेला असतो आणि वरचा प्राणवायूसाठी मोकळा असतो. म्हणून हिमोग्लोबिन प्राणवायू उचलते आणि पोहोचविते. सायटोक्रोम-सी या प्रथिनात दोन्ही हात प्रथिनानेच अडवून ठेवले आहेत. एका बाजूस हिस्टिडीन, दुसऱ्या बाजूस मेथिओनीन. तेथे प्राणवायूला शिरकाव नाही. ते प्रथिन केवळ इलेक्ट्रॉन घेते आणि पुढे देते. कॅटलेज या विकरात खालचा सोबती टायरोसीन असतो, आणि त्याचा धंदा हायड्रोजन पेरॉक्साइडाचा नाश करण्याचा. तेव्हा एखाद्या हीम-प्रथिनाचे कार्य समजून घ्यावयाचे तर पहिला प्रश्न हाच येतो की, त्याच्या लोहाचे दोन हात कोणी धरले आहेत?

प्रश्न लहान दिसतो, पण सोपा नाही. हिमोग्लोबिनाच्या एका रेणूत सुमारे दहा हजार अणू असतात; त्यांत लोहाचे अवघे चार. मुक्ताईनगरहून निघालेली पालखी आषाढीला पंढरीस पोहोचली म्हणजे वाळवंटात जी गर्दी लोटते, तीत एका विशिष्ट वारकऱ्याचा हात कोणाच्या हातात आहे हे दुरून ओळखण्यासारखेच हे काम. परंतु लोहाच्या बाबतीत एक सोय आहे. सोबती बदलला की त्याच्या अंगावरचा रंग बदलतो.

सूर्यप्रकाश लोलकातून नेला तर त्याचे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग पसरतात. यास वर्णपट म्हणतात. प्रकाशाच्या वाटेत पातळ केलेल्या रक्ताची नळी धरली तर वर्णपटातील काही भाग नाहीसा होऊन तेथे काळे पट्टे उमटतात, कारण तेवढा प्रकाश रक्त शोषून घेते. १८६२ साली होप्पे-झायलर या जर्मन रसायनज्ञाने रक्ताचे असे दोन पट्टे वर्णिले. दोनच वर्षांनी केंब्रिजच्या स्टोक्सने याहून महत्त्वाची गोष्ट दाखविली. रक्तातील प्राणवायू रासायनिक उपायाने काढून घेतला की ते दोन पट्टे विरून जातात आणि त्यांच्या मध्ये एकच रुंद, अंधुक पट्टा येतो. हवेबरोबर नळी हलवली की पुन्हा दोन पट्टे हजर! आजच्या मापाने बोलावयाचे तर प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिनाचे पट्टे ५४१ व ५७७ नॅनोमीटरपाशी असतात, आणि प्राणवायू गेल्यावरचा एकटा पट्टा ५५५ पाशी. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. धमनीचे रक्त लालभडक आणि शिरेचे काळसर का, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

असे का होते? तंबोऱ्याची तार तीच असते, खुंटीही तीच. पण तारेतला मणी किंचित सरकवला की स्वर बदलतो. हीमच्या चकतीत इलेक्ट्रॉन ज्या शक्तीने बांधलेले असतात तिच्यावर लोहाच्या स्थितीचा परिणाम होतो, आणि लोहाच्या स्थितीवर त्याच्या दोन सोबत्यांचा. सोबती बळकट धरणारा असेल तर लोहाचे इलेक्ट्रॉन एका रीतीने बसतात, सैल धरणारा असेल तर दुसऱ्या रीतीने. त्याप्रमाणे प्रकाशातून कोणत्या लांबीची लहर शोषली जावयाची ते ठरते. म्हणजे पट्ट्यांच्या जागा पाहून सोबत्याविषयी अनुमान करता येते. वर्णपटाच्या जांभळ्या टोकाला, ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या टापूत, हीमचा सर्वांत गडद पट्टा असतो. १८८३ साली सोरे याने तो प्रथम नोंदला, म्हणून त्यास सोरेचा पट्टा असे नाव पडले. डोळ्यांना तो नीटसा दिसत नाही, पण यंत्राला तोच सर्वांत उपयोगी.

या शास्त्राच्या इतिहासात एका माणसावर अन्याय झाला आहे. चार्ल्स मॅकमन हा इंग्लंडात वैद्यकी करणारा डॉक्टर. रोग्यांतून वेळ काढून तो वर्णपटदर्शकाने प्राण्यांचे स्नायू आणि इंद्रिये न्याहाळीत असे. १८८० नंतरच्या दशकात त्याने जाहीर केले की, रक्त नसलेल्या ऊतकांतही हिमोग्लोबिनाहून वेगळे, चार पट्ट्यांचे एक रंगद्रव्य आहे आणि ते श्वसनाशी संबंधित असावे. होप्पे-झायलरसारख्या मातब्बराने ते खोडून काढले, आणि मॅकमनचे म्हणणे मागे पडले. १९११ साली तो वारला. पुढे १९२५ साली डेव्हिड कीलिन याने केंब्रिजमध्ये घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या माशीच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये तेच चार पट्टे पाहिले. यीस्टच्या पाण्यात हवा खेळवली की पट्टे नाहीसे होत. थोडा वेळ स्वस्थ ठेवले की परत येत. श्वसन चालू असताना डोळ्यांनी पाहिलेले ते बहुधा पहिलेच दृश्य. त्या द्रव्यांना कीलिनने सायटोक्रोम हे नाव दिले आणि मॅकमनचे श्रेय मॅकमनला देण्यास तो चुकला नाही.

याच केंब्रिजमध्ये बारा वर्षांनी एक मराठी मुलगी येऊन दाखल झाली. कमला भागवत, पुढे विवाहानंतर कमला सोहोनी, ही लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन तिने बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागितला, तेव्हा संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून नकार दिला. मुलगी हटली नाही. अखेरीस अटी घालून प्रवेश मिळाला, आणि तिचे काम पाहिल्यावर त्या अटी आपोआप गळून पडल्या. तेथे तिने दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. तूर-मुगावर पोसलेल्या देशात याहून उचित विषय कोणता? केंब्रिजला मात्र रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनाचा प्रश्न हाती आला. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये सायटोक्रोम आहे हे कीलिनने दाखविले होते, वनस्पतींचे काय? हिरव्या पानात हरितद्रव्याचा गडद रंग आड येतो, त्यामुळे बटाट्यासारखे बिनहिरवे ऊतक सोयीचे. कमलाबाईंनी बटाट्यात सायटोक्रोम-सी असल्याचे सिद्ध केले. १९३९ साली हिल व भागवत या जोडनावाने वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीचे टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अवघ्या चाळीसएक पानांच्या प्रबंधावर त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. बटाटा, माशी, यीस्ट आणि माणूस यांच्या पेशी एकाच प्रकारच्या लोहावर श्वास घेतात, ही गोष्ट ज्या पुराव्याने पक्की झाली त्यात हा वाटा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. पट्टे बदलतात हे खरे, पण अमुक पट्टा म्हणजे अमुक सोबती हे ठरते कसे? एक जुनी व सोपी युक्ती अशी की, लोहाला ओळखीचा सोबती देऊ करावा. कार्बन मोनॉक्साइड, सायनाइड, अॅझाइड, इमिडॅझोल ही मंडळी लोहाचा हात धरण्यास उत्सुक असतात. प्रथिनाच्या द्रावणात त्यांपैकी एक मिसळले आणि पट्टे तत्काळ सरकले, तर सहावी जागा रिकामी होती किंवा तेथला सोबती सैल होता असे समजावे. पट्टे जागचे हलले नाहीत तर जागा अडलेली आहे. सायटोक्रोम-सी सामान्य स्थितीत कार्बन मोनॉक्साइडला दाद देत नाही. यावरूनच तेथे दोन्ही हात प्रथिनाने धरले आहेत हे कळले.

परंतु धरले आहेत कोणी, हे त्यावरून कळत नाही. स्वीडनचे थिओरेल व ओकेसन यांनी १९४१ साली सायटोक्रोम-सी आम्लापासून अल्कापर्यंत निरनिराळ्या द्रावणांत ठेवून त्याचे वर्णपट घेतले, आणि दोन्ही सोबती हिस्टिडीन असावेत असे अनुमान केले. अनुमान तर्काला धरून होते, पण निम्मेच खरे ठरले. सायटोक्रोम-सीच्या तांबड्या टोकाला, ६९५ नॅनोमीटरपाशी, एक अगदी फिका पट्टा आहे. इतका फिका की त्याच्याकडे सहज दुर्लक्ष व्हावे. द्रावण अल्कधर्मी केले किंवा त्यात सायनाइड वा इमिडॅझोल घातले की तो पट्टा नाहीसा होतो, आणि इतर ठळक पट्ट्यांत मात्र फारसा फरक दिसत नाही. तो पट्टा लोह व मेथिओनीनमधील गंधक यांच्या बंधाची खूण आहे हे पुढे उमगले. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडली तेव्हा प्रथिनाच्या साखळीतील अठरावे हिस्टिडीन व ऐंशीवे मेथिओनीन हेच दोन सोबती निघाले. तेव्हापासून ६९५ चा हा फिका पट्टा पाहिला की मेथिओनीन जागेवर आहे आणि तो गेला की मेथिओनीनने हात सोडला, असे संशोधक सांगू शकतात. त्यासाठी स्फटिक बनवीत बसावे लागत नाही.

दुसरे उदाहरण तर नावातच कोरले गेले आहे. यकृतात औषधे व विषे यांची विल्हेवाट लावणारे एक हीम-प्रथिन आहे. त्यास कार्बन मोनॉक्साइड दिला तर सोरेचा पट्टा ४५० नॅनोमीटरवर येतो, आणि हिस्टिडीनची सोबत असलेल्या साध्या हीम-प्रथिनात तो ४२० च्या आसपास असतो. ही तीस नॅनोमीटरची तफावत इतकी विलक्षण होती की, ओमुरा व साटो या जपानी शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत या द्रव्याला पी-४५० हेच नाव देऊन टाकले. कारण पुढे समजले. खालचा सोबती हिस्टिडीन नसून सिस्टीन या अमिनो आम्लातील ऋणभारित गंधक आहे. प्रथिन उष्णतेने वा रसायनाने बिघडले की गंधकाची ही पकड सुटते, पट्टा ४५० वरून ४२० वर उतरतो, आणि त्याबरोबर प्रथिनाचे कामही थांबते. डोकेदुखीची गोळी घेतल्यावर काही तासांनी तिचा अंमल उतरतो, त्यातही या प्रथिनाच्या घराण्याचा हात असतो.

तिसरे साधन भारतातून गेलेले आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास रामन यांना असे आढळले की, द्रव्यावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग आपला रंग बदलून येतो. आणि हा बदल त्या द्रव्यातील अणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. हीमच्या बाबतीत प्रकाश त्याच्या शोषणपट्ट्याच्याच रंगाचा निवडला तर ही क्षीण रेषा कैकपटीने बळावते आणि प्रथिनातील हजारो अणूंचा गोंगाट मागे पडून केवळ हीमचा आवाज ऐकू येतो. १९७२ साली हिमोग्लोबिनावर हा प्रयोग यशस्वी झाला. प्राणवायुरहित हिमोग्लोबिनात लोह व हिस्टिडीन यांच्यामधील बंधाचे कंपन दर सेंटिमीटरला सुमारे २१५ ते २२० लहरी या जागी दिसते. ते खरोखर त्याच बंधाचे की नाही, हे तपासण्याची रीतही मोठी नामी आहे. साध्या लोहाऐवजी किंचित हलका किंवा जड समस्थानिक बसवावा; झोपाळ्यावरचे ओझे बदलले की हेलकावा बदलतो, तशी ती रेषा मोजून तेवढीच सरकली पाहिजे. पट्ट्यांवरून जे अनुमान होते त्याची येथे झडती होते. ज्या मुलीला रामन यांनी दारातून परत पाठविले होते तिच्याच सायटोक्रोमांच्या अभ्यासाला पुढे रामन परिणाम असा उपयोगी पडला, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

या साधनांनी खानदेशच्या शेतातल्या त्या लाल गाठीचा उलगडा झाला. हवेतील नायट्रोजन बांधणारे विकर प्राणवायूच्या नुसत्या संपर्काने नष्ट होते. उलट गाठीतील जीवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू हवाच असतो. लेगहिमोग्लोबिनाची प्राणवायूवरील ओढ फार मोठी असल्याने ते मोकळा प्राणवायू जवळजवळ शिल्लक ठेवीत नाही, आणि जीवाणूंना मात्र तो हातोहात पोहोचवीत राहते. त्याचा पाचवा सोबती हिस्टिडीनच. सहावी जागा मात्र हिमोग्लोबिनापेक्षा ऐसपैस. इतकी, की निकोटिनिक आम्लासारखा मोठा रेणूही तेथे येऊन बसतो, हे १९७३ साली वर्णपटाच्या आधाराने प्रसिद्ध झाले. गाठ म्हातारी होऊन हिरवी पडते तेव्हा हीमची ती चकतीच मोडलेली असते. मग कोणताही सोबती असून उपयोग नसतो.

शेतातून दवाखान्यात यावे तरी हेच लोह भेटते. धुळे-जळगावच्या कोणत्याही रक्ततपासणीच्या खोलीत ‘हिमोग्लोबिन किती’ हा आकडा काढण्याची प्रमाण मानलेली पद्धत सोबती बदलण्याचीच आहे. रक्तात हिमोग्लोबिन अनेक रूपांत असते, आणि प्रत्येकाचे पट्टे वेगळे. मग मोजावे कोणते? ड्रॅबकिनचे द्रावण घातले की सर्व लोह एका रूपात येते आणि सहाव्या जागी सायनाइड बसते. सर्वांचा रंग एक झाला. आता ५४० नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो तेवढे मोजले की काम झाले. नव्या स्वयंचलित यंत्रांत सायनाइडाचे विष टाळून दुसरी द्रव्ये वापरतात, परंतु तत्त्व तेच.

आता एक कठीण प्रसंग पाहावा. दोन-तीन महिन्यांचे बाळ निळे पडू लागते. छाती स्वच्छ आहे, हृदयाचा ध्वनी ठीक आहे, पण ओठ आणि नखे निळसर. रक्त काढले तर ते चॉकलेटी दिसते, आणि टीपकागदावर हवेत धरूनही लाल होत नाही. हे मेट-हिमोग्लोबिन. यात लोहाचा एक इलेक्ट्रॉन गेलेला असतो, सहाव्या जागी पाणी येऊन बसलेले असते, आणि प्राणवायू धरण्याची शक्ती नष्ट झालेली असते. खतांतील नायट्रेट विहिरीच्या पाण्यात झिरपले आणि त्या पाण्यात बाळाचे दूध कालवले तर असे होऊ शकते. १९४५ साली कॉम्ली या अमेरिकन डॉक्टराने हा संबंध प्रथम दाखविला, आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे हा भारतीय मानकांचा दंडक याच भीतीपोटी आहे. पाणी उकळून हे संकट टळत नाही, उलट नायट्रेट आटून दाट होते. केळी-कापसाला भरपूर खत देणाऱ्या मुलखातील आयांनी एवढे ध्यानात ठेवावे. निदान मात्र वर्णपट देतो. मेट-हिमोग्लोबिनाचा पट्टा तांबड्या भागात ६३० नॅनोमीटरपाशी असतो. सायनाइडाचा एक थेंब टाकला की सहाव्या जागेवरील पाणी हटते, सायनाइड बसते आणि ६३० चा पट्टा पुसला जातो. जेवढा पुसला तेवढे मेट-हिमोग्लोबिन होते. एव्हेलिन व मॅलॉय यांची ही १९३८ सालची पद्धत आहे.

काही कुटुंबांत असे निळेपण पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि मिथिलीन ब्लू या नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. १९४८ साली हॉर्लाइन व वेबर यांनी जर्मनीतील अशा एका कुटुंबाचे रक्त तपासले. पट्टा ६३० वर नव्हता, वर्णपटच निराळा. त्यांनी हीम व प्रथिन यांची अदलाबदल करून दोष प्रथिनात असल्याचे दाखविले. अशा रक्तास पुढे हिमोग्लोबिन-एम म्हणू लागले. त्याच्या बहुतेक प्रकारांत लोहाजवळच्या हिस्टिडीनच्या जागी टायरोसीन आलेले असते, आणि ते लोहाला अशी मिठी मारते की त्याला मूळ स्थितीस परतता येत नाही. जपानच्या इवाते प्रांतातील ‘काळ्या तोंडाची’ घराणी ही याचेच उदाहरण. अशा माणसाचे आयुष्य बहुधा बिनधोक जाते. धोका असतो तो हृदयविकार समजून नाहक उपचार होण्याचा.

मात्र वर्णपटाला सर्व काही दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे, आणि त्याचे उदाहरण खानदेशाच्या उशालाच आहे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी जमातींत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. १९९८ सालापर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबारच्या डोंगराळ भागात तो विशेष आहे. यात प्रथिनाच्या एका साखळीत सहाव्या ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. पण ही जागा हीमपासून दूर, रेणूच्या पृष्ठभागावर. लोहाचे सोबती तेच राहतात. म्हणून सिकलसेलच्या हिमोग्लोबिनाचा वर्णपट निरोग्याच्या वर्णपटासारखाच, आणि विकार ओळखण्याचे काम विद्युत्‌-संचारणाला करावे लागते. १९४९ साली पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम केले. तरीही सहावा सोबती येथे पडद्याआड नाही. जोपर्यंत लोहाने प्राणवायूचा हात धरलेला असतो तोपर्यंत हे हिमोग्लोबिन विरघळलेले राहते. प्राणवायू सुटला की रेणूचा आकार बदलतो, रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे दोर वळले जातात, आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आश्रमशाळांतून जी साधी चाचणी करतात तिच्यात हेच मुद्दाम घडवून आणतात. नळीतल्या द्रावणातील डायथायोनाइट प्राणवायू हिरावून घेते. निरोगी रक्ताचे पाणी स्वच्छ राहून मागच्या कागदावरच्या रेघा दिसतात, सिकलसेलचे गढूळ होऊन रेघा लोपतात. स्टोक्सने १८६४ साली प्राणवायू काढून पट्टे बदलताना पाहिले होते; येथे तीच क्रिया गढूळपणाच्या रूपाने दिसते. वाहक आणि रोगी यांतला भेद मात्र या नळीत कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी हवीच. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, आणि तिचे उद्दिष्ट २०४७ सालचे ठेवलेले आहे.

२०२० सालच्या साथीपासून पल्स ऑक्सिमीटर नावाचा चिमटा घरोघरी परिचयाचा झाला. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली त्याचे तत्त्व बसविले. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश जातो, ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० चा अदृश्य अवरक्त. प्राणवायू नसलेले रक्त तांबडा प्रकाश अधिक खाते, प्राणवायू असलेले अवरक्त अधिक. दोहोंच्या प्रमाणावरून शेकडा आकडा निघतो. म्हणजे हा चिमटा सहाव्या जागी प्राणवायू आहे की नाही एवढेच विचारतो. आणि दोनच रंग हाती असल्यामुळे तिसरा कोणी तेथे येऊन बसला तर तो फसतो. मेट-हिमोग्लोबिन फार वाढले तर आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो, खरी स्थिती काहीही असो.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तर तो उघड उघड खोटे बोलतो. धुळ्यास हिवाळ्यात पारा कित्येकदा एक आकड्यावर उतरतो. रात्री दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवण्याची सवय घातक आहे. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनाच्या सहाव्या जागेवर प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक पकडीने तो बसतो, आणि ६६० नॅनोमीटरला त्याचा रंग प्राणवायुयुक्त रक्तासारखाच दिसतो. माणूस डोके दुखून, मळमळून निपचित पडलेला आणि चिमटा दाखवितो ९८! गालही गुलाबी. अशा वेळी आकड्यावर विसंबून न राहता दारे उघडून त्याला बाहेर काढावे आणि तडक इस्पितळात न्यावे. तेथे अनेक लांबींचा प्रकाश वापरणारे को-ऑक्सिमीटर नावाचे यंत्र रक्ताच्या थेंबावरून खरे काय ते सांगते, कारण कार्बन मोनॉक्साइड बसला असता दुसरा पट्टा ५७७ वर नसून ५६९ च्या आसपास असतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. मुखवटा लावून शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. रोगी शुद्धीवर येत असतो तेव्हा त्याच्या रक्तात तो पट्टा ५६९ वरून हळूहळू ५७७ कडे सरकत असतो.